कडेला संपणारे जग : ‘माइनक्राफ्ट पॉकेट एडिशन’ची पहिली वर्षे

‘माइनक्राफ्ट’ या ठोकळ्यांच्या खेळाची मोबाइल आवृत्ती, ‘पॉकेट एडिशन’, १६ ऑगस्ट २०११ रोजी बाहेर पडली. सुरुवातीला ती सोनी एरिक्सनच्या ‘एक्सपीरिया प्ले’ या एकाच फोनवर चालत असे. पडदा सरकवला की खालून खेळाची बटणे निघणारा हा फोन होता. ऑक्टोबरमध्ये ती इतर अँड्रॉइड फोनवर आली आणि नोव्हेंबरमध्ये आयफोन व आयपॅडवर. त्या काळी आठ-दहा वर्षांची असलेली मुले आता विशी ओलांडून गेली आहेत. आजचा खेळ कितीतरी पटींनी समृद्ध असूनही त्यांतली अनेकजण हळवी होतात ती त्या पहिल्या, अपुऱ्या आवृत्तीच्या आठवणीने. हा हळवेपणा केवळ वयाचा नाही. त्याची बरीचशी कारणे त्या आवृत्तीच्या घडणीतच सापडतात.

मार्कस पेर्सन यांनी मूळ खेळ मे २००९ मध्ये लोकांपुढे आणला, तो संगणकासाठी आणि जावा भाषेत लिहिलेला होता. आयफोनवर जावा चालत नसे. त्यामुळे स्टॉकहोमच्या मोजांग कंपनीने मोबाइलसाठी सारा खेळ सी++ भाषेत नव्याने लिहायला घेतला. आरंभीचे काम प्रामुख्याने आरोन निएमिनेन यांचे. म्हणजे ‘पॉकेट एडिशन’ ही मोठ्या खेळाची छाटलेली प्रत नव्हती. दिसायला सारखा, पण आतून वेगळा असा तो दुसराच खेळ होता आणि तो आपल्या गतीने वाढत गेला.

पहिल्या आवृत्तीत अवघे ३६ प्रकारचे ठोकळे होते आणि ते हवे तितके वापरता येत. भूक नव्हती, शत्रू नव्हते, हत्यारे घडवणे नव्हते, पार्श्वसंगीतही नव्हते. पडद्याच्या डाव्या कोपऱ्यातल्या बाणांनी चालायचे, बोट टेकवून ठोकळा ठेवायचा, बोट दाबून धरून तो फोडायचा, एवढाच व्यवहार. संगणकावर लाल गुलाब असे, तिथे मोबाइलवर निळसर फूल उगवे. असे बारीक फरक मुलांच्या लक्षात पक्के बसले आणि आज जुने चित्र ओळखण्याची खूण म्हणून तेच सांगितले जातात.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र जगाच्या आकाराची. संगणकावरचे जग चालाल तितके पुढे तयार होत राही. मोबाइलवरचे जग लांबी-रुंदीला प्रत्येकी २५६ ठोकळे आणि उंचीला १२८ ठोकळे एवढेच होते. म्हणजे एकूण सुमारे ८४ लाख ठोकळ्यांची जागा. तेव्हाच्या फोनची स्मृती आणि ताकद पाहता ही मर्यादा अटळ होती. खेळातल्या पात्राची चाल सेकंदाला चार ठोकळ्यांहून थोडी जास्त असल्याने वाटेत डोंगर आडवा आला नाही, तर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायला जेमतेम एक मिनिट लागे. कडेला न दिसणारी भिंत असे. पलीकडे पाऊल पडत नसे.

ही उणीवच त्या खेळाचा मोठा गुण ठरली, असे म्हणायला हवे. अमर्याद जगात खेळणारा पुढे पुढे जात राहतो. इथे मात्र त्याच टेकडीकडे, त्याच तळ्याकडे परत यावे लागे. काही दिवसांत संपूर्ण जग तोंडपाठ होई. जागा संपली की जुने घर पाडून नवे बांधायचे, नाहीतर जमिनीखाली खोदायचे. आपल्याला पूर्णपणे माहीत असलेले जग लहान मुलाच्या वाट्याला क्वचितच येते. या खेळाने ते दिले.

खेळ वाढत होता, तोही मुलांच्या डोळ्यांसमोर. २०१२ च्या फेब्रुवारीत ०.२.० आवृत्तीने जगण्याची धडपड आणली, एप्रिलमध्ये ०.३.० ने वस्तू घडवणे आणले, सप्टेंबरमध्ये ०.४.० ने पेट्या, पलंग आणि जवळ येऊन फुटणारा हिरवा क्रीपर आणला. दर नव्या आवृत्तीची वाट पाहिली जाई, कारण एकेका वस्तूने खेळ खरोखरच बदलत असे.

या साऱ्यात ‘नेदर रिअॅक्टर’चे स्थान वेगळे आहे. संगणकावरच्या खेळात ‘नेदर’ नावाची पाताळासारखी वेगळी दुनिया होती. ती फोनमध्ये मावेना. तेव्हा २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये ०.५.० आवृत्तीत एक पर्याय काढण्यात आला. ३ हिरे आणि ६ लोखंडी कांबी वापरून गाभा घडवायचा आणि त्याभोवती सोन्याचे ४ व दगडगोट्यांचे १४ ठोकळे ठरलेल्या मांडणीत रचायचे. गाभ्याला बोट लावले की भोवती लाल दगडाचा उंच मनोरा उभा राही, झोंबी पिगमन नावाचे शत्रू धावून येत आणि सुमारे पाऊण मिनिट दुर्मीळ वस्तू बाहेर पडत राहत. हे यंत्र संगणकाच्या आवृत्तीत कधीच नव्हते. साधनांच्या तुटवड्यातून निघालेली इतकी देखणी युक्ती खेळांच्या इतिहासात फारशी आढळत नाही. २०१५ च्या सप्टेंबरमध्ये ०.१२.१ मध्ये खरे ‘नेदर’ आले आणि यंत्राचे काम थांबले.

एकत्र खेळायचे तर फोन एकाच वाय-फायवर लागत, म्हणजे मुले बहुधा एकाच घरात जमत. सारी पात्रे सारखीच दिसत. वेगवेगळी रूपे २०१५ च्या जूनमध्ये ०.११.० पासून मिळाली. बांधलेले जग त्या-त्या फोनमध्येच राही. फोन हरवला किंवा बिघडला की जगही गेले. पुष्कळांकडे त्यांच्या पहिल्या घराचे एखादे चित्रसुद्धा उरले नाही, आणि ही हानी खरी आहे.

सीमा हटली ती जुलै २०१४ मध्ये. ०.९.० आवृत्तीने अमर्याद जग, गुहा आणि गावे आणली. निळसर फूलही तेव्हाच गेले. जग घडवण्याची रीत बदलल्याने जुना बीजांक, म्हणजे ज्यावरून जग घडते तो आकडा, टाकला तरी जुना प्रदेश उगवेना. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने मोजांग २५० कोटी डॉलरना विकत घेतली. डिसेंबर २०१६ मध्ये १.० आवृत्ती आली आणि २० सप्टेंबर २०१७ रोजी १.२ आवृत्तीबरोबर ‘पॉकेट एडिशन’ हे नाव काढून टाकण्यात आले. फोनसाठी लिहिलेला तो सी++ मधला खेळ आता ‘बेडरॉक’ म्हणून विंडोज संगणकांवर आणि खेळयंत्रांवरही चालतो.

जुन्या रूपाचा एक अधिकृत अवशेष मात्र टिकून आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये रास्पबेरी पाय या स्वस्त, छोट्या संगणकासाठी ‘पाय एडिशन’ मोफत देण्यात आली. तिचा पाया ‘पॉकेट एडिशन’ची ०.६.१ आवृत्ती हा होता आणि पायथन भाषेत आज्ञा लिहून तिच्यात बांधकाम करता येई. मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवावे हा तिचा हेतू. पुढे तिची वाढ थांबल्यामुळे २०१३ चा मोबाइल खेळ, त्याच्या कडेच्या भिंतीसह, तिच्यात जवळपास जसाच्या तसा राहिला आहे.