सही जानेवारीत, निरोप जुलैत

आळंद तालुक्यातल्या खजुरीपासून महाराष्ट्राची हद्द हाकेच्या अंतरावर. पण घरात मराठी बोलणाऱ्याच्याही हातात सरकारी कागद पडतो तो कन्नडमध्ये. हे ठरलं 1956 च्या राज्य पुनर्रचना कायद्यानं. हैदराबाद राज्य फुटलं. आळंदसह गुलबर्गा जिल्ह्याचा बहुतेक भाग म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला. बीदरमधले उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात आले, भालकी आणि हुमनाबाद म्हैसुरात राहिले. त्याच पुनर्रचनेच्या वादात देशाच्या अर्थमंत्र्यानं नोकरी सोडली. मंत्रिपदाला नोकरी म्हणणं काहींना खटकेल. पण वरिष्ठाशी पटेना, तर राहावं की निघावं, हा पेच कारकुनाला आणि मंत्र्याला सारखाच पडतो.

चिंतामणराव देशमुख महाडजवळच्या नाते गावचे. आयसीएस, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, 1950 पासून अर्थमंत्री, 1952 मध्ये कुलाब्यातून लोकसभेवर निवडून आलेले. 16 जानेवारी 1956 ला पंतप्रधान नेहरूंनी मुंबई केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचं जाहीर केलं. मुंबईत लोक रस्त्यावर उतरले, गोळीबारात माणसं मेली. देशमुखांनी त्याच महिन्यात राजीनामा देऊ केला.

पण ते लगेच गेले नाहीत. 19 जानेवारीला त्यांनीच आकाशवाणीवरून आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. विमा कंपन्या आणि प्रॉव्हिडंट सोसायट्या मिळून 245 संस्था सरकारकडे यायच्या होत्या, आणि बातमी आधी फुटली असती तर पैसा इकडचा तिकडे व्हायला वेळ लागला नसता. फेब्रुवारीअखेर त्यांनी अर्थसंकल्पही मांडला. राजीनामा पुढं केलेला आणि टेबलावर देशाचा हिशेब, अशा अवस्थेत काही महिने काढणं सोपं नसावं.

जुलैत ते बाहेर पडले. लोकसभेतल्या निवेदनात त्यांचा रोख एकट्या मुंबईच्या निर्णयावर नव्हता. एवढा मोठा निर्णय मंत्रिमंडळात रीतसर चर्चा न होता जाहीर झाला आणि गोळीबाराची चौकशी नाकारली गेली, ही त्यांची मुख्य तक्रार होती. नेहरूंनी आरोप मान्य केला नाही. तरी देशमुखांचं बोट नेमक्या जागी पडलं होतं असं वाटतं. एखादा निर्णय पटला नाही तर माणूस तो गिळून कामाला लागू शकतो. पण निर्णय घेण्याची रीतच पटेनाशी झाली, की पुढचा प्रत्येक कागद तोच वाद घेऊन येतो.

डॉ. आंबेडकरांचं गणित जरा वेगळं होतं. नाराजीची कारणं अनेक होती: परराष्ट्र धोरण, काश्मीर, अनुसूचित जातींची उपेक्षा. तरी ते कायदामंत्री म्हणून थांबले, कारण हिंदू कोड बिल तडीस न्यायचं होतं. ते सरकारनं बाजूला ठेवलं आणि 27 सप्टेंबर 1951 ला त्यांनी राजीनाम्याचं पत्र दिलं. सभागृहातल्या निवेदनाची प्रत आधी मागण्यात आली, तेव्हा त्यांनी निवेदन थेट वृत्तपत्रांना दिलं. ज्या कामासाठी अपमान सोसायचा, ते कामच संपलं तर सोसण्याला अर्थ उरत नाही. देशमुखांचं विम्याचं काम मार्गी लागलं होतं; आंबेडकरांचं बिल हातातून निसटलं. दोघांचीही वेळ कामानं ठरवली, रागानं नाही.

अर्थात राजीनाम्यानं सगळं बदलतं असंही नाही. देशमुख गेल्यावर काही आठवड्यांतच केंद्रशासित मुंबई मागं पडली आणि मराठी-गुजराती विशाल द्विभाषिक मुंबई राज्य आलं. पण त्यामागं आंदोलनाचा रेटा होता, एका माणसाचं पत्र नव्हे. खजुरीची हद्द तर जिथं आखली तिथंच राहिली.

आणि निघणं म्हणजे सगळंच सोडणं, हाही एक गैरसमज. सामाजिक सुधारणेवरून टिळकांशी बिनसलं, तेव्हा आगरकरांनी 1887 मध्ये ‘केसरी’चं संपादकपद सोडलं आणि पुढच्या वर्षी ‘सुधारक’ काढला. डेक्कन एज्युकेशन सोसायटी मात्र त्यांनी सोडली नाही. ती टिळकांनी सोडली, 1890 मध्ये, आजीव सदस्यांनी बाहेरची कमाई करावी का, या वादात. आगरकर फर्ग्युसनमध्ये शिकवत राहिले आणि 1892 मध्ये तिथंच प्राचार्य झाले.