पडद्यावरचा शार्क आणि समुद्रातला

वढू बुद्रुकजवळून वाहणारी भीमा उजनीला अडते, पुढे कृष्णेला मिळते आणि तिचं पाणी बंगालच्या उपसागराकडे जातं. मग समुद्रातला शार्क उलट्या वाटेनं इथवर येईल का? ग्रेट व्हाइट शार्क तर नाहीच. तो दक्षिण आफ्रिका, दक्षिण ऑस्ट्रेलिया, कॅलिफोर्निया इथल्या तुलनेनं थंड, खाऱ्या पाण्यात राहणारा. गोड्या पाण्यात शिरतो तो बुल शार्क, कारण त्याला शरीरातल्या क्षारांचा तोल सांभाळता येतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यात मनोरजवळ वैतरणेच्या खाडीत शार्कनं एका मच्छीमाराच्या पायाचा लचका तोडला, ही घटना खरी. पण तिथे भरतीचं पाणी थेट येतं. भीमेच्या वाटेवर उजनी, श्रीशैलम, नागार्जुनसागर अशी धरणं उभी आहेत.

शार्क माणसाच्या मागावर असतो, हा समज १९७५ च्या ‘जॉज’ चित्रपटानं घट्ट केला. मोठ्या ग्रेट व्हाइटला हवा असतो चरबीनं भरलेला सील. माणसाला तो बहुतेकदा एकदाच चावतो आणि सोडून देतो. सगळ्या जातींच्या शार्कनी न डिवचता केलेले हल्ले जगभरात वर्षाला साधारण साठ-सत्तर. मृत्यू पाच-सहा, कधी दहाच्या घरात. ज्याचा पाय गेला त्याला हे आकडे सांगून दिलासा मिळणार नाही, हेही तितकंच खरं.

कोसभरावरून रक्ताचा थेंब हुंगण्याची गोष्टही फुगवलेली. वास प्रवाहाबरोबर पोचावा लागतो. भक्ष्य अगदी जवळ आलं, की त्याच्या शरीरातली क्षीण वीज शार्कच्या नाकाडावरची छिद्रं टिपतात.

सर्वांत मोठा गैरसमज मात्र असा, की मासा म्हणजे भराभर वाढणारा जीव. ग्रेट व्हाइट सत्तर वर्षांपर्यंत जगू शकतो, पण मादी पिल्लं देण्याजोगी व्हायला सुमारे तीस वर्षं लागतात. अंडी पोटातच उबतात, आतली पिल्लं आईचीच न फळलेली अंडी खाऊन वाढतात आणि एका विणीत दोन ते दहा पिल्लं जन्मतात, प्रत्येक चार-पाच फुटी. एक मोठी मादी जाळ्यात गेली, तर ती जागा भरून यायला माणसाची एक पिढी जाते.

आपल्याकडे व्हेल शार्कला २००१ पासून वाघासारखंच कायद्याचं संरक्षण आहे. असा संरक्षित जीव जाळं कापून जिवंत सोडणाऱ्या मच्छीमाराला महाराष्ट्रात २०१८ पासून पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते.