भोपळा, चहाचा कप आणि मी

उत्तरपत्रिकेवर भोपळे काढण्यात माझी वीस वर्षे गेली. मातीतून भोपळा काढण्याचा योग मात्र २०२२ साली आला. माझा भाचा कॅनडात हॅलिफॅक्सला असतो. त्याच प्रांतात विंडसर नावाचे गाव आहे. तिथल्या हॉवर्ड डिल या शेतकऱ्याने ‘अटलांटिक जायंट’ हे राक्षसी भोपळ्याचे वाण तयार केले. २०२३ साली कॅलिफोर्नियातल्या हाफ मून बे येथे काट्यावर चढलेला १,२४७ किलोंचा भोपळा याच घराण्यातला. विंडसरला असले भोपळे कोरून त्यांच्या होड्या करीत आणि तळ्यात शर्यती लावीत. लेकीकडून परतणाऱ्या आपल्या म्हातारीने असल्या भोपळ्यात बसून लेक, जावई आणि रानातला वाघ, साऱ्यांनाच बरोबर नेले असते!

भाच्याने छायाचित्रे पाठवली, मी इकडे बियांची पुडी मागवली आणि दिवाळी आटोपताच परसात तीन आळी केली. या भोपळ्याचा कायदा कडक. वेलावर एकच फळ ठेवायचे, बाकीची खुडून टाकायची. साहजिकच मालकाचा सगळा जीव त्या एका वेलात अडकतो. चार पानांवर रोप आले आणि तांबडे भुंगेरे आले. दोन दिवसांत पानांची चाळण झाली. मी तडक दुकानात गेलो. दुकानदाराने मोठ्या डब्यातले औषध एका साध्या बाटलीत ओतून दिले. “सर, पन्नास मिली पुरे तुम्हाला. पाण्यात टोपणभर टाका.” बाटलीवर ना नाव, ना चिठ्ठी.

पुस्तकाचे मुखपृष्ठसुद्धा न पाहता त्यावर लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना मी वर्गात धारेवर धरतो. त्या संध्याकाळी मी नेमके तेच केले. बनियन आणि लुंगी हा माझा वेष. स्वयंपाकघरातला चहाचा कप हे माप. ओतताना हिसका बसला आणि औषध मनगटावर, लुंगीवर सांडले. मी हात लुंगीलाच पुसला आणि तशाच ओल्या लुंगीने वाऱ्याच्या तोंडाशी उभा राहून फवारा मारला. तासाभरात दरदरून घाम सुटला, तोंडात लाळ दाटली, डोळ्यांपुढे धुरकट दिसू लागले. “अहो, असे काय करताय?” एवढे हिचे शब्द ऐकल्याचे आठवते, मग उलट्या सुरू झाल्या.

दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, “औषध कोणते? बाटली आणलीत?” हिने बाटली पुढे केली. कोऱ्या बाटलीकडे पाहून डॉक्टर काही बोलले नाहीत. माझ्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या, त्यावरून त्यांनी काय ते ओळखले. कपडे उतरवून मला साबणाने धुऊन काढले, ॲट्रोपीनची इंजेक्शने दिली. तिसऱ्या दिवशी घरी आलो. औषध दुसऱ्या जातीचे असते तर उताराही दुसरा लागला असता, हे त्यांनी मागाहून सांगितले.

पडल्या पडल्या एक शब्द डोक्यात घोळत होता. कीड मारायच्या विषाला आपण ‘औषध’ म्हणतो. पिकाला औषध मारतो, तापाला औषध घेतो. आणि खेड्यात ‘तो औषध प्याला’ असे म्हटले की ऐकणारा मटकन खाली बसतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. कपाशी माणसाच्या डोक्याइतकी वाढलेली, अंगात साधे कपडे, एका पंपात दोन-तीन विषे एकत्र. माझे काय, परसातली हौस होती. त्यांच्या पोटाचा प्रश्न होता.

आता परसात माझी रीत बदलली आहे. लेबलावर रंगीत त्रिकोण असतो. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. लाल-पिवळ्याला आमच्या फाटकातून प्रवेश नाही. लेबलावर वेलभाजीचे नाव नसेल तरीही बाटली दुकानातच राहते. खरा धोका फवारताना असतो असे मला वाटे. पण मोठा धोका असतो तो मिसळताना. लिटरला दोन मिलीचे प्रमाण धरा. म्हणजे बाटलीतला एक थेंब पंपातल्या पाचशे थेंबांच्या तोडीचा! म्हणून रबरी हातमोजे, चष्मा आणि लांब बाह्यांचा सदरा चढवायचा तो झाकण उघडण्यापूर्वी. मिसळायचे उघड्यावर. पंपात आधी निम्मे पाणी, मग मोजून औषध, मग उरलेले पाणी. टोपण हे माप नव्हे. प्रत्येक बाटलीचे टोपण वेगळे. दोन औषधे एकत्र करण्याच्या फंदात मी पडत नाही.

फवारणी सूर्य कलल्यावर, वारा पाठीशी घेऊन. भोपळ्याचे फूल पहाटे उमलते आणि दुपारच्या आत मिटते. तेवढ्या वेळात मधमाशीने नराचा पराग मादीला पोचवायचा असतो. सकाळी फवारले तर भुंगेऱ्यांबरोबर मधमाश्या मरतील, मग एका फळाचीही आशा नको. नोझल तुंबले तर तोंडाने फुंकायचे नाही. भले भले ही चूक करताना मी पाहिले आहेत. रिकामी बाटली तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओततो आणि बाटलीला भोके पाडतो, म्हणजे पुन्हा कोणी तीत तेल भरणार नाही. फवारणीचे कपडे वेगळे धुतले जातात.

त्या वर्षी भोपळा भरला अडतीस किलो. विंडसरची मंडळी त्याला कळीच म्हणतील! तोडणीआधी लेबलावरचे दिवस मी कॅलेंडरवर मोजले, तरीही हिने पहिली फोड चिरायला आणखी आठवडा लावला. चहाचा तो कप तिने कधीच फोडून परसात खोल पुरला. यंदा पुन्हा आळी तयार आहेत. परवा पंप काढला, तर ही चष्मा लावून बाटलीचे बारीक अक्षर मोठ्याने वाचू लागली आणि मध्येच थांबून म्हणाली, “अहो, इथे मोजे म्हटलेत. कुठे आहेत तुमचे?”