लाल डोळा, पण चिपडं नाहीत

पावसाळ्यात कोल्हापुरात कुणाचा डोळा लाल दिसला, की ‘डोळं आल्यात’ म्हणत माणूस मेडिकलमधून थेंब आणतो. २०२३च्या पावसाळ्यात राज्यभर साथ होती, तेव्हा हा अंदाज बहुतेक वेळा बरोबरच निघाला. पण डोळा ठणकतो, उजेड सोसत नाही, नजर धुरकटली आहे आणि चिपडं मात्र येत नाहीत, असं असेल तर तो युव्हिआयटिस असू शकतो. त्यात वाट पाहणं महागात पडतं.

युव्हिआयटिस म्हणजे डोळ्याच्या मधल्या, रक्तवाहिन्यांनी भरलेल्या थराला आलेली सूज. कधी ती क्षयरोगासारख्या संसर्गातून येते. अनेकदा मात्र प्रतिकारशक्तीच स्वतःच्या शरीरावर उलटते. ऐन तरुणपणी सकाळी कंबर आखडणं आणि हालचालीने ती मोकळी होणं हे मणक्याच्या संधिवाताचं लक्षण असतं. त्याचा एचएलए-बी२७ या जनुकाशी संबंध आहे आणि यातल्या काही रुग्णांचा डोळा असा अचानक लाल होतो. डोळ्याचे डॉक्टर कंबरेची चौकशी करतात ती यासाठीच.

स्लिट लॅम्प या डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली हा आजार डोळ्यांना दिसतो. कौलातून उतरलेल्या कवडशात धुळीचे कण तरंगावेत, तशा प्रकाशाच्या बारीक पट्ट्यात पांढऱ्या पेशी तरंगताना दिसतात. उपचार लांबला तर बुबुळाचा पडदा मागच्या भिंगाला चिकटतो आणि गोल बाहुली वेडीवाकडी होते. पहिल्या काही दिवसांत बाहुली मोठी करणारे थेंब घातले, तर हे चिकटणं सहसा सुटतं. जुनं झालं की सुटणं अवघड. संधिवात असलेल्या लहान मुलांत तर ही सूज असूनही डोळा बहुतेकदा लाल होत नाही, दुखतही नाही. म्हणून त्यांची नियमित तपासणी हाच एक उपाय.

सूज उतरवायला स्टेरॉइड लागतंच. पण ते महिनोन् महिने चाललं तर मोतीबिंदू आणि काचबिंदूचा धोका वाढतो. आजार डोळ्याच्या मागच्या भागात असेल किंवा पुन्हा पुन्हा उलटत असेल, तर प्रतिकारशक्तीला लगाम घालणारी औषधं वेळेवर सुरू करावी लागतात. २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतीय रुग्णांचाही सहभाग असलेल्या चाचणीत जुनं, स्वस्त मेथोट्रेक्सेट महागड्या मायकोफेनोलेटपेक्षा कमी पडलं नाही. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज नव्हे. आणि रक्ततपासणी चुकवायची नाही. या गोळीनेही भागलं नाही तर अडालिमुमॅबचं इंजेक्शन आहे. मात्र आपल्याकडे त्याआधी क्षयरोग नाही याची खात्री करावीच लागते.

गगनबावडा, चंदगडकडून कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयाच्या नेत्रविभागात पोचायला दिवस मोडतो, हे खरं. म्हणूनच पहिली चाळणी गावातल्या मेडिकलच्या काउंटरवर लागायला हवी. ‘दुखतंय का? उजेड टोचतो का?’ उत्तर ‘हो’ आलं, तर थेंबांची बाटली देऊ नये. रुग्णाला त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरकडे धाडावं.