महागडा सीनियर खेळाडू: संघात ठेवायचा की सोडायचा?

बुरोंडीत थंडी पडली की क्रिकेटचा सीझन सुरू होतो. मगरिबनंतर नाक्यावर चार मुलं जमली की विषय एकच, यंदा संघ कसा बांधायचा? या वर्षी तर वाद जरा जास्तच पेटलाय. मागच्या सीझनला संघ पहिल्याच फेरीत बाहेर गेला. लिलावात सगळ्यात जास्त पॉइंट ज्यांच्यावर लावले होते, ते आपले जुने बॉलर भाई दोन सामन्यांत महाग पडले. आता पोरं म्हणतात, "भाईंना दुसऱ्या टीमला द्या, त्या पॉइंटमध्ये दोन नवे बॉलर येतील." बुजुर्ग म्हणतात, "ज्या माणसाने पंधरा वर्षं टीम सांभाळली त्याला असं काढायचं?"

दोन्ही बाजू आम्ही ऐकल्या. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण दोघेही हिशेब अर्धाच मांडतात. हाच पेच गेल्या काही महिन्यांत आयपीएलमधल्या मोठ्या मोठ्या संघांपुढेही होता. तिथे कोटींची बात, इथे पॉइंटची. पण गणित तेच. म्हणून आधी तिथले व्यवहार नीट समजून घेऊ, मग भाईंच्या प्रश्नाकडे येऊ.

ट्रेड म्हणजे नक्की काय?

लिलावात खेळाडूवर बोली लागते. ट्रेडमध्ये बोली नसते. एक संघ आपला खेळाडू थेट दुसऱ्या संघाला देतो, बदल्यात खेळाडू घेतो किंवा फक्त पैसे घेतो. सीझन संपल्यावर त्यासाठी ठरावीक मुदत असते. महत्त्वाची गोष्ट अशी की खेळाडूची संमती लागते. तो बाजारातली वस्तू नाही.

दुसरी गोष्ट पर्सची. संघाकडे पैसा कितीही असो, खर्चाला मर्यादा असते. २०२५ च्या सीझनसाठी ती १२० कोटी रुपये होती, २०२६ साठी १२५ कोटी. म्हणजे १८ कोटींचा एक खेळाडू घेतला की १२० कोटींतला १५ टक्के हिस्सा एकट्याच्या नावावर गेला. उरलेल्या पैशांत बाकीचा संघ. म्हणून 'महाग' हा शब्द खेळाडूच्या कमाईबद्दल नाही, त्याच्यामुळे दुसरं काय घेता येत नाही त्याबद्दल आहे. गावच्या लीगमध्येही तसंच. समजा संघाला १० हजार पॉइंट मिळाले आणि ३ हजार एकावरच गेले, तर बाकी सगळे ७ हजारांत बसवावे लागतात.

शमी: एका वाईट सीझनची किंमत

मोहम्मद शमीचं उदाहरण अगदी ताजं आहे. २०२३ च्या आयपीएलमध्ये गुजरातकडून त्याने २८ विकेट घेतल्या, स्पर्धेत सर्वांत जास्त. त्याच वर्षी वर्ल्ड कपमध्ये ७ सामन्यांत २४ विकेट. मग घोट्याचं ऑपरेशन झालं आणि २०२४ ची आयपीएल हुकली. तरी सनरायझर्स हैदराबादने त्याला १० कोटींना घेतलं. २०२५ मध्ये त्याला ९ सामन्यांत फक्त ६ विकेट मिळाल्या. पंजाबविरुद्ध ४ षटकांत ७५ धावा गेल्या. हैदराबाद सहाव्या नंबरावर राहिला. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यांनी शमीला लखनौ सुपर जायंट्सकडे दिलं. खेळाडूच्या बदल्यात खेळाडू नाही, फक्त पैशांचा व्यवहार. लखनौने त्याची १० कोटींची रक्कम तशीच ठेवली.

हैदराबादची बाजू समजण्यासारखी आहे. बॉलर ३५ वर्षांचा, नुकताच ऑपरेशनमधून उठलेला, आणि १० कोटी अडकलेले. पण दुसरी बाजूही बघा. हा व्यवहार व्हायच्या आधी, ऑक्टोबरमध्ये, रणजी सीझनच्या पहिल्या दोन सामन्यांत शमीने बंगालकडून १५ विकेट घेतल्या होत्या. रणजी आणि टी-२० एक नाही, हे खरं. तरी अंगात दम परत येतोय याची ती खूण होती. पुढे डिसेंबरच्या लिलावात हैदराबादची सगळ्यात मोठी खरेदी होती लियाम लिव्हिंगस्टोन, १३ कोटींना. तो मुळात फटकेबाज ऑलराउंडर. म्हणजे आघाडीचा फास्ट बॉलर गेला आणि मोठी रक्कम बॅटिंगकडे वळली.

इथे पहिला धडा मिळतो: माणूस सोडताना त्याची जागा कोण भरणार, हे आधी ठरलेलं हवं. पैसे सुटले म्हणजे जागा भरली असं होत नाही.

जडेजा: वाचले किती?

आता चेन्नईकडे बघू. २०२५ मध्ये चेन्नई सुपर किंग्ज दहापैकी दहावे आले, १४ सामन्यांत ४ विजय. रवींद्र जडेजा तिथे २०१२ पासून होता, मधली संघबंदीची दोन वर्षं सोडली तर. २०२३ च्या फायनलमध्ये शेवटच्या दोन चेंडूंवर १० धावा हव्या होत्या, तेव्हा त्याने षटकार आणि चौकार मारून कप मिळवून दिला. त्याची रक्कम १८ कोटी. नोव्हेंबर २०२५ मध्ये, ३७ वर्षांचा व्हायला काही आठवडे उरले असताना, चेन्नईने त्याला राजस्थान रॉयल्सकडे दिलं. सोबत २ कोटी ४० लाखांचा सॅम करन. बदल्यात आला १८ कोटींचा संजू सॅमसन.

हिशेब करा. चेन्नईकडून गेले २० कोटी ४० लाख, आले १८ कोटी. पर्समध्ये वाचले फक्त २ कोटी ४० लाख. एवढ्यासाठी कोणी जडेजा सोडत नाही. त्यांना विकेटकीपर-बॅट्समन हवा होता, तोही अजून काही वर्षं खेळेल असा. सॅमसन तेव्हा ३१ वर्षांचा. म्हणजे हा व्यवहार पैशांचा नव्हता, गरजेचा होता.

पण जडेजाची जागा फुकट भरली का? नाही. डिसेंबरच्या लिलावात चेन्नईने प्रशांत वीर या २० वर्षांच्या डावखुऱ्या स्पिन ऑलराउंडरवर १४ कोटी २० लाख लावले. भारतासाठी एकही सामना न खेळलेला मुलगा. आणि राजस्थानने जडेजाला किती दिले? १४ कोटी. जडेजाने चार कोटी कमी घेणं मान्य केलं. म्हणजे नव्या पोराची किंमत जुन्या उस्तादापेक्षा वीस लाखांनी जास्त झाली!

दुसरा धडा: सीनियर महाग असतो हे खरं, पण तरुण स्वस्तच असतो हे खरं नाही. आणि तिसरा: रक्कम दगडावर कोरलेली नसते. समोर बसून बोललं तर ती कमीही होते.

रोहित: थांबले म्हणून मिळालं

मुंबई इंडियन्सचं उदाहरण उलट आहे. २०२४ च्या सीझनआधी त्यांनी गुजरातकडून हार्दिक पंड्याला परत आणून कॅप्टन केलं. पाच वेळा कप जिंकून देणाऱ्या रोहित शर्माची कॅप्टन्सी गेली. त्या वर्षी मुंबई दहावी आली. रोहितला सोडतील अशी चर्चा होती, पण संघाने त्याला १६ कोटी ३० लाखांना ठेवलं.

२०२५ चा सीझन सुरू झाला आणि रोहितची बॅट चालेना. पहिल्या सहा डावांत एकदाही तिशी गाठली नाही. मुंबईने पाचपैकी चार सामने गमावले. त्या वेळी नाक्यावर मत घेतलं असतं तर आम्हीसुद्धा म्हटलं असतं, "बसवा आता त्याला." पण मग चेन्नईविरुद्ध नाबाद ७६, हैदराबादविरुद्ध ७० आणि एलिमिनेटरमध्ये गुजरातविरुद्ध ८१. मुंबईने सलग सहा सामने जिंकले आणि दुसऱ्या क्वालिफायरपर्यंत मजल मारली. रोहितच्या एकूण धावा ४१८.

पाच-सहा सामन्यांवर निकाल लावला असता तर मुंबई ते ८१ कुठून आणणार होती?

झहीर: एकच बॉलर, दोनदा पैसे

आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानची गोष्ट जुनी, पण सगळ्यात बोलकी. २००८ च्या पहिल्या आयपीएलमध्ये बंगळुरूने त्याला साडेचार लाख डॉलरला घेतलं. संघ आठपैकी सातवा आला. पुढच्या सीझनआधी त्यांनी झहीरला मुंबईला दिलं आणि रॉबिन उथप्पाला घेतलं.

२००९ मध्ये बंगळुरू फायनलला पोचला, मुंबई सातवी. लोक म्हणाले, ट्रेड यशस्वी. पण नीट पाहिलं तर बंगळुरूला फायनलपर्यंत नेण्यात मोठा वाटा होता अनिल कुंबळेचा. ३८ वर्षांचा, कसोटीतून निवृत्त झालेला, २१ विकेट. म्हणजे तिशीचा सीनियर सोडला आणि त्याच्याहून आठ वर्षांनी मोठ्या सीनियरने संघ तारला. पुढे २०१० मध्ये झहीरने मुंबईसाठी १५ विकेट घेतल्या आणि मुंबई फायनलला गेली. आणि २०११ च्या लिलावात बंगळुरूने त्याच झहीरला परत आणलं, नऊ लाख डॉलर मोजून. पहिल्या रकमेच्या बरोबर दुप्पट.

मग ठरवायचं कसं?

या चारही उदाहरणांतून आम्हाला चार प्रश्न दिसतात. उत्तरं वहीत लिहून काढा, तोंडी वाद घालू नका.

पहिला प्रश्न: संघ हरला तो याच्यामुळेच का? हैदराबाद एकट्या शमीमुळे सहावा आला नाही. पंजाबविरुद्धचा जो सामना त्याला ७५ धावांचा पडला, तो तर हैदराबादने जिंकला. आपण मागच्या सीझनला हरलो तेव्हा कॅच किती सुटले, रनआउट किती झाले, हेही लिहा.

दुसरा: सूट आहे की उतरण? वय सगळ्यांचंच वाढतं. पण दुखापतीनंतरचा वाईट महिना वेगळा आणि सलग दोन-तीन सीझन घसरण वेगळी.

तिसरा: सुटलेल्या पॉइंटमध्ये कोण येणार? नाव सांगा. "कोणीतरी येईल" हे उत्तर नव्हे.

चौथा: स्कोअरबुकात न दिसणारं काय जाणार? फिल्डिंग कुठे लावायची, शेवटची ओव्हर कोणाला द्यायची, हरताना पोरांना शांत कसं ठेवायचं.

बुरोंडीत आम्ही याला पाचवा प्रश्न जोडू: सामन्याच्या दिवशी गावात कोण असतं? आपले निम्मे तरुण मुंबईत नोकरीला, काही आखातात, काही बोटीवर. लिलावात नाव झळकतं आणि सामन्याच्या सकाळी फोन येतो, "सुट्टी नाही मिळाली" किंवा "बोट अजून बंदराला लागली नाही." असा बॉलर कितीही वेगवान असला तरी त्या दिवशी त्याच्या विकेट शून्य. भाई गावातच असतात. त्यांची हजेरी पूर्ण आहे. हजेरीलाही किंमत असते.

आमचं मत

आम्ही स्पष्ट सांगतो. भाईंना फक्त महाग आहेत म्हणून सोडू नये. आणि फक्त जुने आहेत म्हणून त्याच पॉइंटवर ठेवूही नये. पोरांचं म्हणणं चुकीचं नाही, एका माणसावर एवढे पॉइंट लावून संघ बांधता येत नाही. तेव्हा जडेजासारखा मार्ग काढा. कमिटीशी बोलून, भाईंच्या संमतीने पॉइंट कमी करून घ्या. सुरुवातीच्या ओव्हर नव्या मुलाला द्या, शेवटच्या भाईंना. वाचलेल्या पॉइंटमध्ये एक असा बॉलर घ्या, जो गावात राहतो.

एखादा संघ त्यांच्या बदल्यात दोन नियमित, हजर राहणारे बॉलर देत असेल, तर ट्रेड जरूर करा. त्यात भावनेची आड नको. पण ती बात भाईंच्या घरी जाऊन, चहा पिता पिता, तोंडावर सांगा. व्हॉट्सॲप ग्रुपवर यादी टाकून नव्हे. मशवरा करून घेतलेला निर्णय चुकला तरी माणसं तुटत नाहीत. मोठ्यांची इज्जत आणि लहानांना संधी, या दोन्ही गोष्टी आपल्याला घरातच शिकवल्या जातात. मैदानावर त्यातली एकच का घ्यायची?

सीझन दोन-तीन महिन्यांत संपेल. त्यानंतरही जुम्म्याला याच मशिदीत, याच सफमध्ये खांद्याला खांदा लावून उभं राहायचं आहे. ट्रॉफी इन्शाअल्लाह येईलच. ती उचलताना भाई सोबत असोत किंवा समोरच्या संघात, सलाम-दुआ कायम राहिली पाहिजे.