ट्रेकरच्या पिशवीत चाकू कोणता?

वन्य प्राण्यांपासून बचावासाठी चाकू निवडायचा तर पात्याच्या लांबीआधी अंतराचा विचार करावा लागतो. चाकू हाताच्या टप्प्यातच चालतो. जनावर अंगाला भिडेपर्यंत त्याचा काही उपयोग नाही, आणि माणसाला गंभीर इजा करू शकणारे जनावर एकदा भिडले की पहिल्या काही क्षणांतच जे व्हायचे ते होऊन जाते. शिरूर, जुन्नर, आंबेगाव पट्ट्यातील बिबट्यांच्या हल्ल्यांच्या बातम्या वाचून डोंगरात जाणाऱ्या मुलामुलींच्या घरी काळजीचे वातावरण असणे साहजिक आहे. त्या काळजीपोटी ‘सर्व्हायव्हल’, ‘टॅक्टिकल’ अशा नावांनी विकल्या जाणाऱ्या मोठ्या पात्याच्या चाकूंकडे लक्ष जाते. खरेदी करण्यापूर्वी जनावर, कायदा आणि अवजार या तिन्ही बाजू पाहणे गरजेचे आहे.

जनावर माणसापर्यंत कसे पोहोचते

बिबट्या दबा धरून शिकार करतो. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन साधारण ५० ते ७० किलो असते. तो शक्यतो मागून किंवा बाजूने झेपावतो आणि मान किंवा गळा धरतो. शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरातल्या काही ग्रामस्थांनी शेतात जाताना खिळे लावलेले पट्टे गळ्यात घालायला सुरुवात केली, तेव्हा राज्यभर त्याची चर्चा झाली. त्या पट्ट्यामागे हल्ला कुठे होतो याची नेमकी जाण होती. कमरेला अडकवलेला किंवा पिशवीच्या कप्प्यात ठेवलेला चाकू अशा वेळी हातात येतच नाही. आधीच हातात धरून चालावे, तर घसाऱ्याच्या वाटेवर पाय घसरला की उघडे पाते प्रथम धरणाऱ्यालाच लागते.

गव्याचे गणित वेगळे आहे. राधानगरी, कोयना, महाबळेश्वर परिसरात दिसणाऱ्या या प्राण्याचा पूर्ण वाढलेला नर ७०० किलोंपासून जवळपास एक टनापर्यंत भरतो. तो धावून येतो तेव्हा वीस सेंटिमीटरचे पातेही त्याला थोपवू शकत नाही. मोठे झाड, कातळ किंवा दगडी बांध आडोशाला घेणे हाच बचाव. रानडुक्कर खालून मुसंडी मारते आणि त्याचे सुळे मांडीला लागतात. त्याला चाकू मारायचा तर माणसाला वाकावे लागते, म्हणजे पोट आणि चेहरा सुळ्यांच्या टप्प्यात येतो. मेळघाट, ताडोबा, गडचिरोलीच्या जंगलातील अस्वल बहुधा अचानक समोरासमोर आल्यामुळे घाबरून हल्ला करते. मोहफुले वेचण्याच्या दिवसांत अशा घटना अधिक घडतात. त्याची लांब नखे चेहऱ्यावर आणि डोक्यावर चालतात. म्हणून जाणकार पालथे पडून मान आणि चेहरा दोन्ही हातांनी झाकायला सांगतात. त्या स्थितीत चाकूसाठी हात मोकळा राहत नाही आणि राहूही नये.

गडकिल्ल्यांवर ट्रेकरना अनेकदा भोवणारा जीव मात्र याहून कितीतरी लहान आहे. कड्यांना लटकणारी आग्या मोहोळे धूर, उग्र अत्तर किंवा आरडाओरड यांनी चवताळली की शेकडो माश्या एकदम तुटून पडतात. अशा वेळी डोके-चेहरा झाकून शांतपणे दूर जायचे असते. पळता पळता कड्यावरून पडण्याचा धोका डंखाइतकाच मोठा असतो.

साप हा सर्वांत गंभीर विषय. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार मृत्यू झाल्याचा अंदाज मांडला. येथे चाकू निरुपयोगी तर आहेच, पण तो घातकही ठरतो. दंशाच्या जागी काप देऊन विष काढण्याची समजूत अजून टिकून आहे. कापल्याने विष बाहेर येत नाही. घोणस आणि फुरसे यांच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते, त्यामुळे दिलेला काप वाहत राहतो. दंश झालेला अवयव न हलवता, घट्ट दोरी न बांधता, रुग्णाला धीर देत प्रतिसर्पविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात नेणे हाच योग्य मार्ग आहे.

बिबट्याबद्दलचा पुरावा काय सांगतो

महाराष्ट्रातील बिबट्यांविषयी बोलताना वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय यांच्या कामाला मोठी जागा द्यावी लागते, कारण चाकू विकत घ्यायला लावणारी भीती त्या कामाने तपासून पाहिली. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुका ऊसशेतीचा आणि दाट वस्तीचा. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात या भागात दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे पाच बिबटे असल्याचे कॅमेरा ट्रॅपमधून दिसून आले. गावकरी आणि बिबट्या एकाच शिवारात वावरत होते, आणि इतके बिबटे असूनही संघर्षाचे प्रमाण कमी होते.

त्याआधी जुन्नर भागात पकडलेले बिबटे दूरच्या जंगलात नेऊन सोडण्याचा उपाय झाला होता. ते सोडले त्या भागांच्या आसपास माणसांवरील हल्ले वाढले, असे अत्रेय आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मांडले. अनोळखी मुलखात टाकलेले जनावर अधिक धोकादायक ठरते, हा त्यातला धडा होता.

याच संशोधनातील ‘आजोबा’ नावाचा बिबट्या पुढे मराठी चित्रपटाचाही विषय झाला. विहिरीतून सोडवलेल्या या नराला २००९ मध्ये जीपीएस पट्टा लावून माळशेज घाटात सोडले. तेथून त्याने महामार्ग आणि रेल्वेमार्ग ओलांडत, वस्त्यांच्या कडेकडेने सुमारे १२० किलोमीटर चालत बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा परिसर गाठला. या सगळ्या वाटेत त्याने एकाही माणसाला इजा केली नाही. पुढे वाहनाच्या धडकेने त्याचा अंत झाला.

बिबट्याच्या हल्ल्यात माणसे गमावलेल्या पिंपरखेडच्या कुटुंबांचे दुःख या आकड्यांनी तसूभरही कमी होत नाही. पण तेथील धोका आणि ट्रेकरचा धोका यांत फरक आहे. उसाच्या फडालगत संध्याकाळी एकटे मूल, किंवा वाकून काम करणारी, खाली बसलेली व्यक्ती बिबट्याच्या नजरेला लहान भक्ष्यासारखी दिसते. दिवसाउजेडी बोलत, ताठ चालणारा दहा जणांचा गट त्याला तसा दिसत नाही. ट्रेकरने उचलायची शिकवण हीच आहे: एकटे पडू नये, सांजसकाळच्या अंधुक वेळी झुडपांत वाकून बसू नये, आणि लहान मुलांना रांगेच्या मधे ठेवावे.

कायद्याची बाजू

ही बाजू ट्रेकरच्या तयारीत सर्वांत दुर्लक्षित राहते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ३१ नुसार पूर्वपरवानगी घेतल्याशिवाय अभयारण्यात शस्त्र घेऊन जाण्यास मनाई आहे आणि राष्ट्रीय उद्यानांनाही ही तरतूद लागू होते. याच कायद्यातील शस्त्राच्या व्याख्येत बंदुका, फासे, जाळी, विष यांच्याबरोबर सुरी-चाकूचाही स्पष्ट उल्लेख आहे. हरिश्चंद्रगड आणि रतनगड हे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतात. वासोटा कोयना अभयारण्यात, म्हणजे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. भीमाशंकर, कर्नाळा, राधानगरी हीदेखील अभयारण्येच. राज्यातील अतिशय लोकप्रिय वाटा अशा संरक्षित क्षेत्रांतून जातात.

याच कायद्याचे कलम ११ जीव वाचवण्यासाठी सद्‍भावनेने केलेल्या प्रतिकाराला संरक्षण देते. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या बचावात प्राणी जखमी झाला किंवा मेला तर तो गुन्हा ठरत नाही. मात्र त्याला एक अट आहे. बचावाची वेळ आली त्या क्षणी ती व्यक्ती याच कायद्याचा भंग करत असेल, तर हे संरक्षण मिळत नाही. परवानगीविना मोठा चाकू घेऊन अभयारण्यात शिरलेल्या माणसाला बचावाचा हा आधार नेमक्या गरजेच्या वेळी गमवावा लागू शकतो. बिबट्या, अस्वल आणि गवा हे तिन्ही प्राणी अनुसूची १ मध्ये आहेत आणि त्यांच्या शिकारीच्या गुन्ह्याला किमान तीन वर्षे कैदेची तरतूद आहे. चाकूची जाहिरात करणाऱ्याने ही बाब खरेदीदाराला सांगितलीच पाहिजे.

संरक्षित क्षेत्राबाहेर शस्त्र अधिनियम, १९५९ आणि त्याखालील नियम लागू होतात. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची धारदार शस्त्रे त्यांच्या कक्षेत येतात. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली अवजारे त्यातून वगळली आहेत. कोकणात आणि मावळात कमरेच्या आकडीला कोयता लावून रानात जाणारा शेतकरी त्यामुळे वेगळ्या पायावर उभा असतो, कारण त्याचा कोयता फाटी तोडण्याचे आणि झाडोरा साफ करण्याचे अवजार आहे. शहरातून येणाऱ्याने त्याची नक्कल करण्यात अर्थ नाही. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली वेळोवेळी जिल्ह्यात मनाई आदेश निघतात, तेव्हा सुरे-चाकू बाळगून फिरण्यावरही बंदी येते. निघण्यापूर्वी वनखात्याच्या चौकीवर स्वयंपाकाच्या लहान चाकूबाबतही विचारून घेणे शहाणपणाचे.

अंतर राखणारी साधने

जनावर दूर ठेवणारे साधन चाकूपेक्षा नेहमीच सरस ठरते. अलास्कातील अस्वलांच्या घटनांवर टॉम स्मिथ, स्टीफन हेरेरो आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये केलेला अभ्यास याचा ठळक पुरावा आहे. तपकिरी अस्वलांवर मिरचीच्या अर्काचा फवारा वापरला गेला तेव्हा सुमारे ९२ टक्के वेळा त्यांचे नको असलेले वर्तन थांबले, आणि फवारा जवळ असलेल्या ९८ टक्के माणसांना इजा झाली नाही. या यशाचे कारण त्या फवाऱ्याच्या पल्ल्यात आहे, तो काही मीटरवरूनच काम करतो. भारतात स्वसंरक्षणासाठी मिळणाऱ्या छोट्या डब्यांचा पल्ला तेवढा नसतो आणि वारा उलटला तर फवारा आपल्याच डोळ्यांत येतो. त्यामुळे त्यांना अस्वलासाठीच्या फवाऱ्याच्या जागी धरू नये.

सह्याद्रीसाठी सर्वांत उत्तम साधन धनगराच्या खांद्यावर आजही दिसते: पाच-सहा फुटांची मजबूत काठी. ती वाटेवर आपटत चालले की जमिनीच्या कंपनाने साप बाजूला होतात. काठीने गवत आणि दगडांच्या फटी आधी चाचपता येतात, ओढ्याच्या पाण्याचा अंदाज येतो, उतारावर आधार मिळतो, आणि जनावर व माणूस यांच्यात दीड-दोन मीटर अंतर राहते. काठीला घुंगरू बांधले की आवाज पुढे पोहोचतो आणि अस्वल किंवा गवा अचानक समोर येण्याचा प्रसंग टळतो. जोडीला प्रखर विजेरी, शिट्टी आणि घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट असावेत.

बिबट्या दिसलाच तर पळू नये आणि खाली बसू नये. त्याच्याकडे तोंड करून ताठ उभे राहावे, हात वर करून आकार मोठा दाखवावा, मोठ्याने बोलत हळूहळू मागे सरकावे. त्याची निघून जाण्याची वाट अडवू नये आणि पिल्ले दिसली तर फोटोसाठी एक पाऊलही पुढे टाकू नये.

मग चाकू कोणता घ्यावा

चाकू लागतोच, पण कामासाठी: दोरी तोडायला, पट्टीचे कापड फाडायला, भाजी-फळे चिरायला, अडकलेला पट्टा कापायला. त्यासाठी आठ ते दहा सेंटिमीटरचे पाते पुरते. निवडीचे निकष पुढीलप्रमाणे.

पाते आणि मूठ एकाच सलग पोलादी पट्टीवर असलेला चाकू जोर सहन करतो. पोकळ मुठीत काडेपेटी आणि होकायंत्र भरलेले दिखाऊ चाकू याच सांध्यावर मोडतात. घडीचा चाकू घ्यायचा असेल तर उघडल्यावर पाते पक्के अडकवणारी कळ हवी, नाहीतर दाब पडताच ते बोटांवर मिटते. पावसाळ्यातील ट्रेकसाठी न गंजणारे पोलाद सोयीचे. कार्बन पोलादाला धार चांगली लागते, पण ओल्या पिशवीत एका रात्रीत गंज चढतो, म्हणून ते पुसून तेल लावण्याची सवय हवी. मूठ खरखरीत असावी आणि ओल्या हातातून बोटे पात्याकडे सरकू नयेत यासाठी पुढे अडणी असावी. रंग नारिंगी किंवा पिवळा असला तर गवतात पडलेला चाकू सापडतो. म्यान घट्ट हवे आणि चाकू पिशवीत ठेवावा. गळ्यात लटकवलेला चाकू घसरून पडताना छातीखाली येतो.

धार नेहमी चांगली असावी. बोथट पात्यावर जास्त जोर द्यावा लागतो आणि ते निसटून हाताला लागते. कापताना पाते शरीरापासून दूर चालवावे, दुसऱ्याला देताना म्यानात घालून द्यावे. दोरावर माणूस लटकलेला असताना जवळ उघडा चाकू आणूच नये. ताणलेला दोर पात्याच्या नुसत्या स्पर्शानेही तुटू शकतो.

खरेदीचा क्रमही यावरून ठरतो. आधी चांगले बूट, मग काठी, विजेरी, शिट्टी, प्रथमोपचाराची पेटी आणि वाटेची माहिती असलेला स्थानिक वाटाड्या. त्यानंतर उरलेल्या पैशांत लहान, मजबूत चाकू. वनविभागाची १९२६ ही हेल्पलाइन आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक गटातील प्रत्येकाकडे हवेत. निघण्याआधी जवळचे प्रतिसर्पविष कोणत्या रुग्णालयात मिळते याची चौकशी करून ठेवावी. ट्रेकरचा जीव वाचवण्यात ही एक चौकशी कोणत्याही पात्याहून अधिक उपयोगी पडते.