सेकंदाला पाच तोफा

16 एप्रिल 1853. दुपारचे साडेतीन वाजून गेलेले. मुंबईत बोरीबंदरला 14 डबे उभे, पुढे तीन इंजिने, आत 400 निमंत्रित पाहुणे. 21 तोफांची सलामी झाली आणि गाडी 34 किलोमीटरवरच्या ठाण्याकडे निघाली. चारशे माणसे हलवायची म्हणून एकवीस तोफा! हे दोन्ही आकडे पदराला बांधून ठेवा, पुढे लागणार आहेत.

याच मुंबईत रस्त्यावर रूळ आले ते 9 मे 1874 ला. कुलाबा ते पायधुणी, घोड्यांची ट्राम, भाडे तीन आणे. गाड्या 20 आणि घोडे 200. एका ट्रामला ओढायला घोडा एक, फार तर दोन. मग दहा कशाला? तर मुंबईच्या उकाड्यात घोडाही पाळीपाळीनेच काम करणार. हळूहळू गाड्या वाढल्या, आणि 1905 साली कंपनीने गाशा गुंडाळला तेव्हा पागेत घोडे होते 1,360!

जरा या पागेत शिरू या. 1,360 घोडे म्हणजे 5,440 खूर, म्हणजे 5,440 नाल. एका नालेला सहाच खिळे धरले तरी 32,640 खिळे. घोड्याला दिवसाला तीस लिटर पाणी लागते असे धरा, की झाले चाळीस हजार लिटर. वीस फूट रुंद, तेहतीस फूट खोल, काठोकाठ भरलेली विहीर या मंडळींनी एका आठवड्यात कोरडी केली असती. दर आठवड्याला नवी विहीर! आणि लीद? माणशी (म्हणजे घोडेशी) पंधरा किलो धरा. रोजची वीस टन, दहा टनी ट्रक असता तर रोज दोन भरून. ट्रामचा इतिहास सांगताना ही लीद कुणी मोजत नाही, पण ती उचलणारेही कुणीतरी होतेच ना!

7 मे 1907 ला विजेची ट्राम आली, घोडे सुटले. 3 फेब्रुवारी 1925 ला व्हीटी ते कुर्ला विजेची गाडी धावली. 15 जुलै 1926 ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट पहिली बस सुटली आणि त्या डिसेंबरअखेरपर्यंत 6 लाख लोक तिच्यात बसले. साडेपाच महिन्यांत सहा लाख! तेव्हा केवढे कौतुक झाले असेल. आजची लोकल एवढी माणसे पावणेदोन तासांत उरकते. ट्राम बिचारी 31 मार्च 1964 च्या रात्री शेवटची धावली.

तर लोकल. रोजचे प्रवासी सुमारे 75 लाख. थांबा, लगेच हुरळू नका. रेल्वे मोजते ते प्रवास. सकाळी गेलेला आणि संध्याकाळी परतलेला माणूस दोनदा मोजला जातो. बरं, अर्धे करा. साडेसदतीस लाख माणसे. तरी अख्ख्या गोव्याच्या अडीचपट! माणसामागे अर्धा मीटर धरून यांची रांग लावा: 1,875 किलोमीटर. मुंबईहून पुण्याला जा, परत या, असे सहा वेळा करा, तरी रांगेचे शेपूट उरतेच.

गाड्या रोज तीन हजारांवर. पहाटे चार ते रात्री एक, एकवीस तास. भागाकार करा: दर 25 सेकंदांना कुठून तरी एक लोकल सुटते. वडापावचा एक घास चावून गिळेपर्यंत एक गाडी गेली. दुसरा घास, दुसरी गाडी.

आणि आत? ऐन गर्दीत बारा डब्यांच्या गाडीत पाच हजार माणसे. एका चौरस मीटरला चौदा ते सोळा. चाळीतली दहा बाय दहाची खोली डोळ्यांपुढे आणा आणि तिच्यात 130 जण उभे करा. दप्तर पोटावर, छत्री कुणाच्या तरी बरगडीत, नाकासमोर अनोळखी माणसाची ओली कॉलर. त्यातही तिघांच्या बाकावर चौथी सीट मिळालेला, अर्धा बाकावर आणि अर्धा हवेत, राजासारखा डुलक्या घेतोय! पाच हजार भागिले बारा, म्हणजे डब्यात चारशेच्या वर. 1853 चे सगळे पाहुणे, चौदा डब्यांतले, आज एकाच डब्यात!

आता एकच माणूस घ्या. विरारचा. चर्चगेट 60 किलोमीटर, जाऊन-येऊन 120. वर्षाचे तीनशे दिवस, तीस वर्षे नोकरी. 10 लाख 80 हजार किलोमीटर. चंद्र आपल्यापासून 3 लाख 84 हजारांवर. म्हणजे हा गृहस्थ चंद्रावर गेला, परत आला, पुन्हा निघाला आणि थोडेच अंतर उरले असताना निवृत्त झाला. डबा रोज घरचा!

हा झाला एकटा. आता सगळे एकत्र. एका प्रवासाला सरासरी 20 किलोमीटर धरू. चर्चगेट-अंधेरीच 22 आहे. 75 लाख गुणिले 20. पंधरा कोटी किलोमीटर! पृथ्वीपासून सूर्य किती दूर? पंधरा कोटी! मुंबईकर मिळून रोज सूर्यापर्यंतचे अंतर कापतात. रोज! रविवारी मेगाब्लॉक असला की थोडे अलीकडे उतरत असतील, एवढेच.

आता पदराची गाठ सोडा. चारशे माणसांमागे एकवीस तोफा, हा मूळचा दर. 75 लाखांचे चारशेचे गट पाडा: 18,750. गुणिले 21. होतात 3,93,750 तोफा, रोज. एकवीस तासांत वाटून घ्या: सेकंदाला पाच! पहिल्या लोकलपासून शेवटच्या लोकलपर्यंत, धडाड धडाड धडाड, न थांबता. आणि त्या आवाजात आलेली गाडी धीमी की जलद, कुणाला ऐकू जाणार!